चार पायांवर उभी फुलपाखरं: कुंचलपाद कुळाचा धागा

रानजाई

नमस्कार मंडळी,

फोटोंच्या धाग्यावर पावसाळा लागल्यापासून रोज फुलपाखरं येताहेत, आणि दर दोन-चार फोटोंमागे "हे कुठल्या कुळातलं?" हा प्रश्न ठरलेला. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: कुंचलपाद, म्हणजे निम्फॅलिडी. कुळ एवढं मोठं आहे की त्याला स्वतंत्र धागा हवाच, म्हणून हा काढतेय.

जगात फुलपाखरांच्या साधारण १८,००० जाती. त्यातल्या ६००० च्या आसपास या एका कुळात येतात. भारतातल्या १४०० च्या आसपास जातींमध्येही तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त याच कुळातल्या. अंगणात संथपणे फिरणारा प्लेन टायगर, कण्हेरीवरचा कॉमन क्रो, दिवेलागणीला भिंतीवर येऊन बसणारा ईव्हनिंग ब्राऊन, तापलेल्या मुरुमावर पंख पसरून बसणारी ब्लू पॅन्सी, आंब्याखालचा बॅरन, ओल्या शेणावर सोंड लावून बसलेला ब्लॅक राजा, सगळे भाऊबंद. रंग, आकार, उडण्याची ढब, काही म्हणता काही जुळत नाही. मग यांना एका घरात का घातलं?

पायांमुळे. या कुळातल्या फुलपाखरांना सहा पाय असतातच, पण पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. चालायला आणि उभं राहायला ती वापरत नाहीत, त्यामुळे बाजूने पाहिलं की चारच पाय दिसतात. नराच्या या आखूड पायांवर दाट केस असतात, कुंचल्यासारखे, म्हणून कुंचलपाद. मादीच्या पुढच्या पायांवर केस कमी आणि चव ओळखणारी इंद्रियं जास्त. अंडी घालायला आलेली मादी नीट बघा. पानावर उतरते आणि पुढचे दोन इवलेसे पाय भराभर पानावर आपटते. पानाचा पृष्ठभाग खरवडला जातो, आतला रस लागतो, आणि हे आपल्या पिल्लांचं झाड आहे की नाही हे तिला कळतं. नसेल तर लगेच उडून पुढच्या पानावर. आपण ज्याला "फुलपाखरू उगाच भिरभिरतंय" म्हणतो, त्यातलं बरंचसं भिरभिरणं म्हणजे ही तपासणी असते.

आणखी दोन खुणा आहेत. स्पर्शिकांच्या खालच्या बाजूला तीन बारीक उभ्या कडा असतात, त्या भिंगाखालीच दिसतात. आणि कोष शेपटाच्या टोकाने उलटा लोंबतो. लिंबावरच्या स्वॅलोटेलचा कोष कमरेला रेशमाचा दोर बांधून तिरका टेकलेला असतो, तसा दोर इथे नाही.

माझं एक ठाम मत आहे, त्यावर चर्चा व्हावी असं वाटतं. या कुळाची ओळख पंखांपासून सुरू करू नये. पंख इथे सगळ्यात जास्त फसवतात. आधी पाय बघा, मग अळी कुठल्या झाडावर वाढते ते शोधा, आणि पंखांकडे सगळ्यात शेवटी या.

शाळाबाई

फार छान विषय, ताई. माझ्या चौथीच्या मुलांना हे चार पाय प्रत्यक्ष दाखवायचे आहेत. फुलपाखरू हातात धरायचं नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. मग कसं दाखवू?

रानजाई

नियम उत्तम आहे, तो मोडू नका. अतिपिकलेलं केळं किंवा अननसाची सालं थोडा गूळ लावून सावलीत एका ताटलीत ठेवा, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. या कुळातली बरीच मंडळी फुलांपेक्षा आंबलेल्या फळांवर, झाडाच्या डिंकावर, शेणावर, मेलेल्या खेकड्यावरसुद्धा येतात. बॅरन, ईव्हनिंग ब्राऊन, बुशब्राऊन, कमांडर आले की सोंड लावून इतके गुंगून जातात की मुलं अगदी जवळ बसून पाय मोजू शकतील. शेजारी लिंबाच्या झाडावर कॉमन मॉरमॉन बसलेला दिसला तर त्याचेही मोजायला सांगा. त्याचे सहाच्या सहा टेकलेले असतात.

कॅमेरा_खांद्यावर

एक शंका. माझ्याकडे प्लम ज्यूडीच्या नराचा फोटो आहे, भीमाशंकरचा. त्यातही चारच पाय टेकलेले दिसताहेत. पण ते या कुळातलं नाही ना?

जुनंपुस्तक

शंका रास्त आहे. प्लम ज्यूडी रिओडिनिडी कुळातलं. त्या कुळात नराचे पुढचे पाय आखूड असतात, मादीचे मात्र व्यवस्थित असतात आणि ती सहाही पायांवर उभी राहते. कुंचलपादांत नर-मादी दोघांचेही आखूड. म्हणजे एकट्या नराच्या फोटोवरून निकाल देऊ नये.

यालाही अपवाद आहे. क्लब बीक नावाचं फुलपाखरू सह्याद्रीत मिळतं, तोंडापुढे चोचीसारखे लांब मिशीवजा अवयव असलेलं. ते कुंचलपादच, पण त्याच्या मादीचे पुढचे पाय पूर्ण वाढलेले असतात. बीक मंडळी या कुळाच्या अगदी जुन्या फांदीवरची मानली जातात.

आता थोडं इतिहासाचं. कुळाचं नाव १८१५ सालचं आहे, पण त्यात कोणाला धरायचं यावर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मतभेद चालले. जुन्या पुस्तकांत टायगर आणि क्रो यांचं डॅनेडी हे वेगळं कुळ दिसेल, ब्राऊन मंडळींचं सॅटिरिडी वेगळं, टॉनी कोस्टरचं अक्रेइडी वेगळं. आता हे सगळे निम्फॅलिडीच्या पोटातली उपकुळं मानले जातात, आणि अशी साधारण १२ उपकुळं धरतात. वाचनालयातलं जुनं पुस्तक आणि हल्लीचं संकेतस्थळ यांत कुळ वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

माडाखाली

रानजाईताई, झाडापासून सुरुवात करा हे तुमचं म्हणणं आम्हा कोकणातल्या लोकांना लगेच पटेल. आमच्या वाडीत या कुळाचे दोन कायमचे भाडेकरू आहेत.

पहिला माडावर आणि पोफळीवर: टेल्ड पामफ्लाय. अळी हिरवी, लांबट, अंगावर पिवळ्या रेघा, डोक्यावर दोन शिंगं. माडाच्या पातीवर लांबीच्या दिशेने बसली की पातीचीच शीर वाटते. मादीचे पंख वरून नारिंगी-काळे, लांबून टायगरच वाटावी.

दुसरा आंब्यावर आणि काजूवर: कॉमन बॅरन. याची अळी ज्याने एकदा पाहिली तो विसरणार नाही. हिरवीगार, पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत एक फिकट रेघ, आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे लांब फुटवे. ती पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर आडवी होते, पाठीवरची रेघ शिरेवर जुळवते आणि बाजूची पिसं पानाला चपटी टेकवते. त्यामुळे अळीची कड कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं हे कळतच नाही, कारण सावली पडत नाही. मी दाखवायला पाहुण्यांना झाडाखाली नेतो, पान हातात देतो, तरी पहिल्या नजरेत कोणाला सापडत नाही.

बागायतदार बांधवांना एक विनंती. ही अळी आंब्याचं नुकसान करत नाही. एका झाडावर असतात थोड्या, खातात जून पानं. मोहोराला तुडतुड्यासाठी फवारणी करावी लागते हे मला माहीत आहे, माझंही पोट त्यावर आहे. पण घराजवळची चार-दोन रायवळ झाडं तरी फवारणीतून सोडा. रायवळावर बॅरन टिकतो.

तेंदूपान

विदर्भातून हजेरी. आमच्याकडे पानगळीचं कोरडं जंगल, तिथली मंडळी वेगळी. बॅरनचाच भाऊ बॅरोनेट, पंख विटकरी-नारिंगी आणि त्यावर काळी नक्षी, जमिनीलगत झपकन उडतो. त्याची अळी तेंदूच्या पानांवर. तीच पानं ज्यांच्या विड्या होतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणीच्या आधी झुडपं छाटतात, काही ठिकाणी जंगलाला आगही लावतात नवी पालवी यावी म्हणून. आगीत नुसती पानं जळत नाहीत, त्यावरचं सगळंच जातं. ग्रामसभांनी आग न लावता तोडणी करायचं ठरवलं तर बॅरोनेटला फायदा होईलच, पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांनाही होईल.

चिंचेवर ब्लॅक राजा. बांधावरच्या एरंडावर कॉमन कॅस्टर आणि अँगल्ड कॅस्टर, अळ्या काटेरी. खाजकोलतीच्या वेलीवर जोकर: नारिंगी पंख, काळे पट्टे, माळरानावरचं फुलपाखरू. खाजकोलती अंगाला लागली की आग होते, म्हणून सगळे दिसेल तिथे उपटून टाकतात. जोकरला पर्याय मात्र फारसे नाहीत.

मीनल_नागपूरकर

बाल्कनीत कृष्णकमळाचा वेल लावला होता. आठवड्यात सगळी पानं गेली, नुसत्या दांड्या राहिल्या. तांबूस, काट्याकाट्यांच्या अळ्या आहेत. औषध मारू का? ते काटे विषारी असतात का?

तेंदूपान

मारू नका. टॉनी कोस्टर आहे. काटे टोचत नाहीत, खाजही येत नाही. वेलाचं मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटेल. अळ्या कुंडीखाली, भिंतीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाऊन कोष करतील, पांढुरका कोष आणि त्यावर काळ्या-नारिंगी खुणा.

या साध्या दिसणाऱ्या फुलपाखराची गोष्ट मोठी आहे. मूळचं भारत आणि श्रीलंकेचं. गेल्या काही दशकांत थायलंड, मलेशिया, सिंगापूर असं करत २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनजवळ सापडलं. फार वेगाने उडत नाही, पंखांत ताकद बेताची, तरी पोचलं. पक्ष्याने चोच मारली तर मेल्याचं सोंग घेतं आणि सांध्यांतून पिवळा, घाण वासाचा द्रव सोडतं. पंख चिवट, चामड्यासारखे, त्यामुळे चोचीतून सुटलं की पुन्हा उडायला लागतं.

म्हादयकाठ

गोव्यातून लिहितोय. आमचं राज्य फुलपाखरू मलबार ट्री निम्फ याच कुळातलं, टायगर-क्रोच्या उपकुळातलं. तमिळनाडूचं तमिळ योमनही कुंचलपादच. महाराष्ट्राने २०१५ साली देशात सगळ्यांत आधी राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ब्लू मॉरमॉन, पण ते स्वॅलोटेल कुळातलं, सहा पायांवालं.

ट्री निम्फ मोलेच्या जंगलात बघावं. मोठे पांढरट अर्धपारदर्शक पंख, त्यावर काळे ठिपके, आणि उडणं म्हणजे झाडांच्या शेंड्यांमधून तरंगत खाली येणारा कागदाचा कपटा. पंख हलवायची घाईच नाही. पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, अंगात कडू विष असल्यामुळे. घनदाट ओलं जंगल तुटलं की ते दिसेनासं होतं. त्यामुळे रस्ते आणि रेल्वेच्या रुंदीकरणाची चर्चा निघते तेव्हा आम्ही या फुलपाखराचं नाव पुढे करतो.

आणि ज्या फुलपाखराचा या धाग्यावर उल्लेख झालाच पाहिजे ते सह्याद्रीतलं ब्लू ओकलीफ. पंख उघडले की वरून गडद निळं, मिटले की वाळकं पान. मधली शीर, आडव्या शिरा, बुरशीचे डाग, खालचं टोक देठासारखं. दोन ओकलीफ शेजारी ठेवले तर एकाचं पान दुसऱ्यासारखं नसतं, प्रत्येकाचा वाळकेपणा वेगळा. आणि अळी वाढते कारवीवर.

रानजाई

म्हादयकाठ, अगदी मनातलं लिहिलंत. ओकलीफ आणि कारवी ही जोडी लक्षात राहिली की ते कुठे शोधायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

पंख फसवतात असं मी म्हटलं होतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण देते. प्लेन टायगर सगळ्यांना माहीत आहे: नारिंगी पंख, टोकाला काळं, त्यात पांढरा पट्टा. अळी रुईवर वाढते. रुईच्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं अळीच्या शरीरात साठतात, फुलपाखरातही उतरतात. ज्या पक्ष्याने एकदा खाऊन ओकारी काढली तो नारिंगी-काळी नक्षी पुन्हा पकडत नाही. अळीने चीक सांभाळायची युक्तीही शोधलीय. पान खाण्याआधी ती देठाजवळ किंवा मधल्या शिरेवर चावे घेते, चीक तिथेच गळून जातो, मग पुढचं पान आरामात खाते. रुईचं पान वाकून लोंबताना दिसलं तर उलटून बघा.

आता डॅनेड एगफ्लाय. तिची मादी हुबेहूब प्लेन टायगर. नक्षी तीच, संथ उडणंही तेच. पण तिची अळी वाढते घोळावर. आपण ज्याची भाजी करतो तो घोळ. विष कुठून येणार? मादी पूर्णपणे टायगरच्या दहशतीवर जगते. नर बघाल तर विश्वास बसणार नाही की हे एकच फुलपाखरू आहे. तो काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे गोल, त्यांना जांभळी-निळी झाक. नुसत्या फोटोवरून टायगर आणि एगफ्लाय वेगळे करायचे असतील तर मागच्या पंखावरचे काळे ठिपके बघा. टायगरला मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार ठिपके, एगफ्लायला पुढच्या कडेजवळ एकच.

शाळाबाई

मादीच का नक्कल करते? नरालाही जीव प्यारा असेलच की.

जुनंपुस्तक

अशा नकलेचं स्पष्टीकरण इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून मांडलं, म्हणून तिला बेट्सची नक्कल म्हणतात. मादीच का, याची दोन कारणं सांगितली जातात. पोटात अंडी घेऊन मादी जड आणि संथ उडते, पान शोधत खाली फिरते, म्हणून तिला धोका जास्त. दुसरं म्हणजे नराची नक्षी बदलली तर मादी त्याला ओळखणार नाही आणि दुसरे नरही त्याला प्रतिस्पर्धी मानणार नाहीत, म्हणून नरावर जुनी नक्षी टिकवायचा दाब असतो. शिवाय नकलाकार कमी आणि विषारी मूळ जास्त असतील तरच हा व्यवहार चालतो. नकलाकार वाढले की पक्ष्यांना नारिंगी म्हणजे चविष्ट असा अनुभव येऊ लागतो.

याच घरातलं ग्रेट एगफ्लाय. आपल्याकडे त्याची मादी कॉमन क्रोसारखी दिसते. सामोआत या जातीचं काहीतरी विलक्षण घडलं. वोल्बाकिया नावाचा जिवाणू मादीकडून अंड्यांत उतरत होता आणि नर भ्रूण मारत होता. २००१ साली तिथे नर जेमतेम शंभरात एक उरला होता. पाच वर्षांत, साधारण दहा पिढ्यांत, नरांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं, कारण जिवाणूला दाबणारं जनुक पसरलं. निसर्गातली निवड इतक्या थोड्या काळात डोळ्यांसमोर घडताना क्वचितच नोंदली गेलीय.

कॅमेरा_खांद्यावर

टायगर आणि क्रो खुळखुळ्याच्या वाळक्या झाडावर गर्दी करून का बसतात? फुलं संपलेली, पानं सुकलेली, तरी झुंबड.

रानजाई

ते बहुतेक सगळे नर असतात. खुळखुळा आणि भुरुंडी या झाडांत काही अल्कलॉइड्स (कडू, विषारी द्रव्यं) असतात. नर पायांच्या नखांनी पान खरवडतात आणि सोंडेने रस शोषतात. यातून ते मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. पोटाच्या टोकाशी केसांचे झुबके असतात, ते बाहेर काढून मादीसमोर पसरवतात. ज्या नराला हा खुराक मिळाला नाही त्याचा गंध फिका पडतो. बागेत फुलं लावताना खुळखुळ्याचं एक झुडूप कोपऱ्यात राहू द्या, वाळलं तरी काढू नका.

अनघा_टोरांटो

या कुळाचा सगळ्यात प्रसिद्ध सदस्य मी राहते तिथे येतो, मोनार्क. तुमच्या प्लेन टायगरचा सख्खा चुलत भाऊ, तोही रुईच्या कुळातल्या मिल्कवीडवर वाढतो. उन्हाळ्यातल्या पिढ्या काही आठवडेच जगतात. पण उन्हाळा संपताना कोषातून जी पिढी बाहेर येते ती आठ महिन्यांपर्यंत जगते. ओंटारियोतून निघून ३००० किलोमीटरहून जास्त उडत मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत ओयामेल फरच्या झाडांवर हिवाळा काढते. ती जागा बाहेरच्या जगाला १९७५ साली कळली. फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे इथल्या टोरांटोचे. त्यांनी दशकानुदशकं शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने पंखांवर चिकटपट्ट्या लावून हा माग काढला. डोंगरातल्या स्थानिक लोकांना ती झाडं आधीपासून माहीत होतीच.

एक विचारायचं होतं. भारतात नर्सरीवाले "बटरफ्लाय गार्डन"साठी हळदीकुंकू नावाचं झाड, म्हणजे एक प्रकारचं मिल्कवीड, सर्रास विकतात. इथे अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याबद्दल काळजी व्यक्त होते. वर्षभर हिरवं राहतं, त्यामुळे मोनार्क स्थलांतर सोडून थांबतात आणि एक परजीवी रोग पसरतो.

रानजाई

अनघा, हळदीकुंकू मूळचं तिकडचंच, उष्ण अमेरिकेतलं. आपल्याकडे प्लेन टायगर त्यावर आनंदाने वाढतो. पण माझं मत स्पष्ट आहे: रुई गावोगाव फुकट उगवते, तीच राहू द्या. सोसायटीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला रुई दिसली की "जंगली झाड" म्हणून छाटली जाते आणि मग नर्सरीतून पैसे देऊन हळदीकुंकू आणलं जातं. हे थांबलं पाहिजे. लहान मुलं असतील तर चीक डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी घ्या.

माडाखाली

पूर्ण सहमत. नुसती फुलझाडं लावून फुलपाखरं जेवायला येतात, राहायला येत नाहीत.

जुनंपुस्तक

स्थलांतर आपल्याकडेही आहे. दक्षिणेत डार्क ब्लू टायगर आणि कॉमन क्रो पावसाळ्याआधी पश्चिम घाटातून पूर्वेकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास परततात. हजारोंच्या संख्येने एकाच दिशेला उडणारी रांग दिसली तर तारीख, वेळ, दिशा नोंदवून ठेवा. हिवाळ्यात आपल्या पठारांवर दिसणारी पेंटेड लेडी तर याहून मोठी भटकी. २०१३ साली दक्षिण अमेरिकेच्या फ्रेंच गयानातल्या किनाऱ्यावर ही फुलपाखरं सापडली. पंखांतली समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि अंगावरचे परागकण तपासून ती आफ्रिकेकडून अटलांटिक ओलांडून, ४००० किलोमीटरहून जास्त उडून आली असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला.

पण मला रानजाईंच्या मूळ मुद्द्यावर यायचंय: अळी आणि झाड. हे काम आपल्या शेजारीच झालं आहे. कारवारला. डेव्हिडसन, बेल आणि एटकन या तिघांनी १८९० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. एटकन मीठ आणि जकात खात्यात होते, सोसायटीच्या १८८३ सालच्या संस्थापकांपैकी एक. बेल वनखात्यात. त्यांनी नुसती पंखांची वर्णनं केली नाहीत. अळ्या पाळल्या, कुठली अळी कुठलं झाड खाते, पानावर कशी बसते, कोष कसा करते, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. पश्चिम घाटातल्या खाद्यवनस्पतींच्या आजच्या याद्यांचा पाया तो आहे.

कमांडरच्या अळीचंच बघा. भूतकेस नावाच्या झुडपाच्या पानाचं टोक खाते, मधली शीर मात्र तशीच ठेवते. त्या उघड्या शिरेला स्वतःची विष्ठा रेशमाने चिकटवत ती टोकाच्या पुढे लांबवते आणि तिथे जाऊन बसते. रंग वाळक्या कचऱ्याचा, बसायला कचऱ्याचंच टोक. मुंग्या तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत. हे पंखांकडे बघून कोणाला कळलं असतं?

शाळाबाई

काका, ईव्हनिंग ब्राऊनबद्दल विचारायचं होतं. पावसाळ्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्यात येतात तेव्हा पंखांवर गोल डोळे असतात. दिवाळीनंतर येतात त्यांना डोळे नसतात. दोन वेगळी फुलपाखरं आहेत का?

जुनंपुस्तक

एकच आहे, बाई. निरीक्षण अगदी बरोबर. पावसाळ्यात हिरवळ असते, पक्षी आणि सरडे फिरत असतात. तेव्हा पंखांच्या कडेला ठळक डोळे असले तर हल्ला डोक्यावर न होता कडेवर होतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. कोरड्या ऋतूत फुलपाखरू पाचोळ्यात निपचित बसतं, तेव्हा डोळा म्हणजे जाहिरात. म्हणून पंख वाळक्या पानासारखे, आणि तेही प्रत्येकाचे वेगळे. अळी वाढताना तापमान काय होतं त्यावर तिच्या शरीरातल्या संप्रेरकाची वेळ बदलते आणि कोषात कुठला पंख घडायचा ते ठरतं.

यात मोठेमोठे चकले आहेत. पीकॉक पॅन्सीच्या पावसाळी आणि कोरड्या रूपांना सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५८ साली दोन वेगळ्या जाती म्हणून दोन नावं दिली. असले घोळ शंभरेक वर्षं टिकले. कलकत्त्यात १८८० च्या दशकात फुलपाखरांचे अभ्यासक लायोनेल द निसव्हिल यांनी एका रूपाच्या मादीची अंडी वाढवून दुसरं रूप मिळवलं, तेव्हा ब्राऊन मंडळींपुरता प्रश्न सुटू लागला. तोही अळ्या पाळूनच.

वर्गात करून बघता येईल. ईव्हनिंग ब्राऊनची अळी भातावर आणि गवतावर मिळते, हिरवी, डोक्यावर दोन शिंगं. कुंडीत गवत लावा, वर मच्छरदाणीचं कापड बांधा. एक अळी पावसाळ्यात, एक थंडीत वाढवा.

शाळाबाई

नक्की करते! मुलं वेडी होतील. आणि आणखी एक, थोडं तातडीचं. शाळेच्या कण्हेरीवर कॉमन क्रोचे कोष आहेत, चांदीसारखे चकचकीत, मुलं रोज त्यात स्वतःचा चेहरा बघतात. आज सकाळी त्यातला एक काळा पडलाय. मेला का? काढून टाकू का, बाकीच्यांना लागण होईल म्हणून?

रानजाई

आज काढू नका. चकाकी म्हणजे कुठला धातू नव्हे. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांतून प्रकाश परावर्तित होतो. फुलपाखरू तयार झालं की कवच पारदर्शक होतं आणि आतले गडद पंख दिसतात. टॉर्चच्या उजेडात जवळून बघा. काळ्या-तपकिरी रंगात पंखाच्या कडेचे पांढरे ठिपके ओळीने दिसत असतील तर उद्या सकाळपर्यंत बाहेर येईल. मुलांना शाळा भरायच्या आधी बोलवा, बहुतेक सकाळीच येतात. बाहेर आल्यावर पंख वाळायला तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ फांदी हलवू देऊ नका.

ठिपके दिसत नसतील, काळेपणा डागाडागांचा असेल, कोष मऊ लागत असेल किंवा त्यातून पाणी गळत असेल तर तो रोगाने गेलाय. मग तेवढी फांदी कापून लांब पुरा. कोषाला बारीक भोक असेल आणि खाली पांढरा धागा लोंबत असेल तर परजीवी माशीची अळी बाहेर पडली आहे. ती बाकीच्या कोषांत शिरत नाही, त्यामुळे त्यांना हात लावायची गरज नाही. काय दिसलं ते इथे फोटोसकट टाका.